औषध उद्योगाचा दिल्लीतील आवाज

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय औषधनिर्माण विभागाने देशातील तीन बल्क ड्रग पार्कना तत्त्वतः मंजुरी दिली. तेरा राज्यांनी प्रस्ताव पाठविले होते. निवड हिमाचल प्रदेश, गुजरात आणि आंध्र प्रदेश यांची झाली. रोहा आणि मुरूड तालुक्यांसाठी आग्रह धरणारा महाराष्ट्र यादीत नव्हता. मुंबईत त्यावरून बरेच राजकीय वादंग माजले. प्रकल्प गेला कोणामुळे, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले. पण या चर्चेत एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. एखाद्या प्रदेशातील उद्योगाची बाजू दिल्लीत वर्षानुवर्षे, सरकारे बदलली तरी, नेमके कोण मांडत असते?

राजधानीत काम करणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांना या प्रश्नाचे मर्म चटकन कळेल. औषधाच्या एका गोळीमागे केंद्राची किमान चार-पाच मंत्रालये उभी असतात. किंमत आणि उद्योगाचे धोरण रसायन व खते मंत्रालयाकडे, गुणवत्तेचे नियमन आरोग्य मंत्रालयाकडे, निर्यात आणि पेटंट वाणिज्य मंत्रालयाकडे, सांडपाण्याची मानके पर्यावरण मंत्रालयाकडे आणि जैवतंत्रज्ञानाचे संशोधन विज्ञान मंत्रालयाकडे. शिवाय कारखान्याचा परवाना देते ते राज्य सरकार. शंभर-दोनशे कामगारांचा कारखाना चालविणाऱ्या उद्योजकाला या साऱ्या दारांवर एकट्याने जाणे अशक्य असते. अधिसूचनेचा मसुदा निघाला की त्यावर हरकती नोंदविण्यासाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. ते वाचणारा, समजून घेणारा आणि मुदतीत उत्तर देणारा कोणी तरी लागतो. व्यापारी संघटनांचा जन्म या गरजेतून होतो.

या क्षेत्रातील संघटनशक्तीचा पहिला मोठा वापर मुंबईतून झाला, हे विसरता येणार नाही. इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही संस्था १९६१ मध्ये मुंबईत स्थापन झाली. त्याआधी १९५९ मध्ये न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा पेटंटविषयक अहवाल आला होता. त्या अहवालाचे कायद्यात रूपांतर व्हावे यासाठी भारतीय कारखानदारांनी पाठपुरावा केला. विदेशी कंपन्यांचा प्रभाव असलेली दुसरी संघटना १९६५ मध्ये मुंबईतच उभी राहिली आणि तिची भूमिका स्वाभाविकच वेगळी होती. अखेर १९७० चा पेटंट कायदा झाला व १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर, या एका तरतुदीने भारतीय औषध उद्योगाचा पाया घातला गेला. २००५ मध्ये वस्तूवरील पेटंट परत आले. पण ‘३ (ड)’ या कलमाने किरकोळ बदलांवर पेटंट मिळविण्याचा मार्ग अडविला आणि २०१३ मध्ये ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या कायद्याचा सर्वाधिक लाभ मात्र हैदराबादने उठविला. सार्वजनिक क्षेत्रातील ‘आयडीपीएल’च्या तेथील कारखान्याने रसायनतज्ज्ञांची एक पिढी तयार केली. तेथे काम केलेल्या डॉ. अंजी रेड्डी यांनी पुढे १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्याच मार्गाने इतरही गेले. १९९१ मध्ये बल्क ड्रग उत्पादकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली ती हैदराबादमध्ये. २००४ मध्ये केंद्राने औषध निर्यात प्रोत्साहन परिषद, म्हणजे ‘फार्मेक्सिल’, स्थापली तेव्हा तिचे मुख्यालयही हैदराबादलाच गेले. १९९९ मध्ये चंद्राबाबू नायडू यांच्या काळात जीनोम व्हॅलीची घोषणा झाली. त्यानंतर सत्ताधारी पक्ष बदलले, २०१४ मध्ये राज्याचे विभाजन झाले. पण जीनोम व्हॅली टिकली आणि उद्योग व सरकार यांना एका व्यासपीठावर आणणारी ‘बायोएशिया’ ही परिषदही टिकली. मंत्र्यांचा कार्यकाळ पाच वर्षांचा, सचिवांचा त्याहूनही कमी. संघटनेची स्मरणशक्ती मात्र दीर्घ असते आणि प्रादेशिक उद्योगाला तिचाच आधार मिळतो.

अर्थात संघटना असली की सर्व काही पदरात पडते, असेही नाही. बल्क ड्रग पार्कच्या स्पर्धेत तेलंगणही वगळले गेले आणि तेथील सरकारने जाहीर नाराजी व्यक्त केली. निवडीसाठी वीज-पाण्याचे दर, जमिनीचा भाव, राज्याच्या सवलती असे निकष होते. ते आकडे सुधारणे हे राज्य सरकारचे काम. संघटना फार तर ते वेळेवर लक्षात आणून देऊ शकते.

नेमके येथे महाराष्ट्राचे दुखणे आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाला स्वदेशी पेनिसिलिन मिळाले. पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे देशातील पेनिसिलिनचे मूळ उत्पादन बंद पडले. २०२० नंतर केंद्राच्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेतून ते पुन्हा सुरू झाले ते २०२४ मध्ये, आंध्रातील काकीनाडा येथे. देशातील प्रमुख औषध संघटनांची कार्यालये मुंबईत आहेत. परंतु त्या राष्ट्रीय संघटना आहेत. बद्दीचा आणि सिक्कीमचा कारखानदारही त्यांचा सभासद आहे. तारापूर, महाड, रोहा, लोटे-परशुराम या पट्ट्याचे गाऱ्हाणे त्या कशासाठी मांडतील? स्थानिक औद्योगिक वसाहतींच्या संघटना आहेत. पण त्यांचे विषय रस्ता, पाणी आणि वीजबिल यांपलीकडे क्वचितच जातात. मधला दुवाच नाही. त्यातच हितसंबंधांचा अंतर्विरोध आहे. मूळ द्रव्य बनविणाऱ्याला चिनी आयातीवर निर्बंध हवे असतात, तर गोळ्या बनविणाऱ्याला स्वस्त आयात हवी असते. मुंबईच्या संघटनांत दोघेही बसतात, त्यामुळे ठाम भूमिका घेणे अवघड होते. हैदराबादची संघटना मूळ द्रव्यांचीच असल्याने तिला ही अडचण नाही.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र आहे. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांना तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक रुग्णाच्या रक्तातील पातळीहूनही अधिक प्रमाणात आढळले. औषधांना दाद न देणारे जंतू अशाच पाण्यात पोसले जातात. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. उद्योगाने आक्षेप घेतले. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. कारखान्यातील उत्पादन-शिस्तीची सुधारित ‘अनुसूची एम’ डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाली. लघुउद्योगांच्या संघटनांनी मुदतवाढ मागितली आणि ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मिळाली. मुदत संपण्याआधीच, २०२५ च्या शरदात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली.

लघुउद्योजकाला यंत्रसामग्रीसाठी वेळ लागतो, ही संघटनांची बाजू खोटी नाही. पण त्या औषधातील डायइथिलीन ग्लायकॉल हे विष महाराष्ट्राला नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील बळींमागे तेच होते. न्या. लेंटिन आयोगाच्या अहवालानंतर १९८८ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. जवळपास चार दशकांनी तेच विष पुन्हा सापडावे, यात नियामकांचे अपयश आहे, तसेच सभासदांच्या घरात डोकावण्यास कचरणाऱ्या संघटनांचेही आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध विपणनाची एकसमान संहिता जाहीर केली. डॉक्टरांना भेटवस्तू व सहली देण्यास तिने मनाई केली आणि तक्रारींच्या चौकशीसाठी प्रत्येक संघटनेने नीतिसमिती नेमावी, असे बंधन घातले. दोषी सभासदाला निलंबित करण्याचा वा काढून टाकण्याचा अधिकारही समितीला आहे. काल ज्यांची वकिली केली, त्यांचाच न्यायनिवाडा करण्याची ही जबाबदारी आहे. ती कितपत पेलली जाते, यावर या संघटनांच्या शब्दाचे दिल्लीतील वजन ठरेल.

महाराष्ट्राने यातून दोन धडे घ्यावेत. कोकण आणि मराठवाड्यातील औषध कारखानदारांनी आपली अशी संघटना उभारावी, जिला मसुदे वाचणारे तज्ज्ञ परवडतील आणि जिचा माणूस राजधानीत बारमाही असेल. आणि त्या संघटनेने पहिले निवेदन सवलतीसाठी न देता, आपल्या पट्ट्यातील सांडपाण्याचे व कच्च्या मालाच्या तपासणीचे आकडे जाहीर करण्याच्या हमीचे द्यावे. तसे झाल्यास पुढच्या वेळी रोह्याचा प्रस्ताव दिल्लीत येईल, तेव्हा त्यामागे आंदोलकांचा रोष नव्हे, गावकऱ्यांचा विश्वास असेल.