शिल्लक दिसते तेवढी नसते

सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्य. तालुका संग्रामपूर, म्हणजे खारपाण पट्ट्याचा मुलूख. पाण्याचा विषय निघाला की इथं माणसं सावरून बसतात. म्हणून इकडच्या ग्रामपंचायतीची रोकडवही, नमुना ५, वाचायची तर पाण्याच्या बाजूनंच वाचावी.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा दिल्लीहून राज्यात आणि तिथून गावात येतो. महाराष्ट्रानं त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना ठेवला, दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. मात्र २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी या निधीचा ६० टक्के भाग बंधित ठरला. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित खरे, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नाही.

देयक करताना हे नीट कळतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आधी गावाच्या विकास आराखड्यातलं काम शोधायचं, त्याच्याशी खर्च जोडायचा, मग सचिव आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या. काम आराखड्यात नसेल तर खात्यात रक्कम दिसत असूनही ती हलत नाही. ऐन वैशाखात पंपाची मोटर जळाली की लोक विचारतात, "खात्यात पैसे हायेत ना, मंग?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण ते पैसे आधीच कुठल्या तरी नालीच्या, कुठल्या तरी पाइपलाइनच्या नावावर पडलेले असतात.

शिवाय हप्ता वेळेवर येईलच असं नाही. निवडून आलेली बॉडी नसेल तर अनुदान अडतं. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक आले, तेव्हा हा नियम किती बोचतो ते सगळ्यांनी पाहिलं.

त्यामुळं गावाची खरी गंगाजळी घरपट्टी आणि पाणीपट्टीतूनच उभी राहते. त्यातही स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. हे पैसे अडीअडचणीला वापरून टाकू नयेत. ती ज्यांच्या हक्काची रक्कम, त्यांचा आवाज ग्रामसभेत आधीच लहान असतो. कायद्यात जिल्हा ग्रामविकास निधीही आहे: पंचायतींनी वर्गणी भरायची, गरजेला त्यातून कर्ज घ्यायचं. सोय चांगली आहे, पण प्रकरण जिल्ह्यातून मंजूर होऊन येईपर्यंत नळ कोरडा ठेवता येत नाही.

ग्राम पाणीपुरवठा निधीचं खातं वेगळं असतं ते याचसाठी. पाणीपट्टी त्यातच जमा व्हावी, वीजबिल आणि पाणी सोडणाऱ्याचं मानधन देऊन जे उरेल त्यातून एका मोटरीची आणि वायरिंगची किंमत कायम बाजूला राहावी, आणि तो आकडा अंदाजपत्रकात, नमुना १ मध्ये, स्वतंत्र ओळीत लिहिलेला असावा. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचलं जातं तेव्हा लोकांनी आधी ती ओळ मोठ्यानं वाचायला लावावी.