पुराच्या आधी पोहोचणारं गणित

सावित्री महाबळेश्वरात उगवते, पोलादपूरवरून खाली उतरते आणि महाडजवळ तिला गांधारी मिळते. त्यात खाडीला भरती असली की पाणी थेट बाजारपेठेत. २२ जुलै २०२१च्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाणी पडलं. महाड बुडालं, तळिये आणि केवनाळे या गावांत दरडी कोसळल्या. मी महाडच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. वेगाचा धडा मी या पावसापासूनच सुरू करतो, कारण उद्याच्या पावसाचं उत्तर परवा मिळालं तर ते कुणाच्याच कामाचं नाही.

वेग वाढवायच्या वाटा दोन. पुरानंतर दुकानांतला गाळ आम्ही रांग लावून काढला. एका घमेल्याला बाहेर पोहोचायला लागायचा तेवढाच वेळ लागतो, पण रांग भरली की घमेल्यामागून घमेलं रस्त्यावर रितं होत राहतं. प्रोसेसरमधलं पाइपलाइनिंग असंच चालतं. सूचना आणायची, तिचा अर्थ लावायचा, ती पार पाडायची, उत्तर नोंदवायचं. पहिली सूचना एक पायरी पुढे सरकली की मागची आत येते. दहा दुकानांत एकदम दहा रांगा लावल्या, की ती झाली समांतर प्रक्रिया.

पावसाच्या अंदाजासाठी पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ हा चार पेटाफ्लॉपचा महासंगणक आला. सेकंदाला चार हजार लाख कोटी गणितं, एवढी त्याची कमाल ताकद. असे संगणक वातावरणाचे चौकोन पाडून हजारो प्रोसेसरांत वाटतात. शेजारच्या चौकोनातला वारा, दाब, बाष्प कळल्याशिवाय पुढचं गणित होत नाही, म्हणून प्रोसेसर सतत एकमेकांना आकडे देत राहतात. बारा किलोमीटरच्या चौकोनांत आमचा आंबेनळी घाट जेमतेम दोन-तीन घरांत संपायचा. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पे दुप्पट. काम आठपट वाढतं. त्यासाठी २०२४मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ आला आणि २०२५मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनांची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही अंदाजप्रणाली सुरू झाली.

संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्येच बजावलं होतं: कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी एकूण वेगाला मर्यादा घालतो. पुण्यातून निघालेला इशारा जिल्हा, तहसील, ग्रामपंचायत असा एकेका हातातून जात राहिला, तर प्रोसेसर कितीही वाढवा, वाडीवर तो उशिराच पोहोचणार. पावसाळी रात्री तिथे वीज नसते, मोबाइलला रेंज नसते. म्हणून इशाराही समांतर निघाला पाहिजे: भोंगा, वायरलेस, मोबाइल, सगळीकडे एकाच वेळी. महासंगणकाने वाचवलेले तास डोंगराखाली झोपलेल्या माणसाला घर सोडण्यासाठी मिळालेच पाहिजेत.