‘फायर’ नाम की क्रियापद?

उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून वनखाते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पालापाचोळा काढून, जाळून मोकळे पट्टे राखते. गावातही त्यांना ‘फायर लाइन’च म्हणतात. यातले ‘फायर’ मूळचे नाम. पण इथे ते ‘लाइन’ कसली ते सांगते, म्हणजे काम विशेषणाचे. ‘द फायर स्प्रेड’ म्हटले की निव्वळ नाम. आणि ‘फायर द गन’मध्ये चक्क क्रियापद!

मराठी मुलाला हे खटकणारच. ‘वाघाने हरणाला धरले’ यात शब्द कसेही फिरवा, प्रत्यय अर्थ सांभाळतात. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या घरांतही प्रत्यय नामाच्या शेवटी लागतात. इंग्रजीने मात्र असे बहुतेक प्रत्यय कित्येक शतकांपूर्वी टाकून दिले. तिथे शब्दाची जागा पाहावी लागते. ‘द’नंतर, मध्ये एखादे विशेषण आले तरी, नाम येते, ‘कॅन’नंतर क्रियापद. शेवटच्या ‘ली’वर फार विसंबू नये: ‘स्लोली’ क्रियाविशेषण, पण ‘फ्रेंडली’ विशेषण.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी व्याकरण लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. शब्दांच्या जाती त्यामुळे मराठी मुलांना अनोळखी नाहीत. तरी शाळेत यादीच घोकवली जाते. त्यापेक्षा बल्लारपूरच्या ‘पेपर मिल’मधला ‘पेपर’ काय काम करतो, एवढे विचारावे.