लुटुपुटीची लढाई आणि खऱ्याची शंका

मुलांच्या खोट्या झुंजीला मराठीत ‘लुटुपुटीची लढाई’ असे मोठे समर्पक नाव आहे. हे नाव एकदा लागू झाले की उगारलेल्या काठीचा नेहमीचा अर्थ तेवढ्यापुरता स्थगित होतो. काठी काठीच असते, परंतु ती माराची द्योतक राहत नाही. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील प्राणिसंग्रहालयात दोन माकडे अशीच झोंबताना पाहून ग्रेगरी बेट्सन यांना प्रश्न पडला की, ‘हा खेळ आहे’ असे परस्परांस कळविणारी काही खूण असल्यावाचून हे शक्य तरी कसे व्हावे? १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी या खुणेला संदेशाविषयीचा संदेश मानले; ती बनावटही असू शकते, याकडेही त्यांचे लक्ष होते. महासत्तांच्या युद्धक्रीडांचा विचार बहुधा रणनीतीच्या अंगाने केला जातो. त्यांतील सर्वांत नाजूक भाग मात्र या खुणेचा, म्हणजेच अर्थविचाराचा आहे.

पटावरील युद्धखेळ जुनाच. प्रशियाच्या राइसवित्स याने त्याचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांकडे अण्वस्त्रे असलेल्या युद्धाचा अनुभव मात्र कोणापाशीच नव्हता, आणि म्हणून १९५० नंतरच्या दशकात खेळ हाच अनुभवाचा पर्याय होऊन बसला. कॅलिफोर्नियातील रँड संस्थेत हर्बर्ट गोल्डहॅमर व हान्स श्पायर यांनी जे राजकीय खेळ रचले, त्यांत सोव्हिएट राज्यकर्त्यांची भूमिका त्या विषयाचे अमेरिकेतील अभ्यासक वठवीत. हे अभ्यासक कितीही व्यासंगी असले, तरी मॉस्को आणि वॉशिंग्टन यांचा तो संवाद अखेर एकाच भाषकसमाजातील संवाद होता. स्वतःला जे कधीच सुचणार नाही त्याची यादी कोणालाही करता येत नाही, असे टॉमस शेलिंग यांचे एक मार्मिक निरीक्षण आहे. समोरचा खेळाडू ही उणीव काही अंशी भरून काढतो. परंतु तोही आपल्याच घरचा.

तरीही अर्थाची फारकत खेळाच्या दालनातच उघडी पडली, असे एक उदाहरण आहे. जून १९८३ मधील ‘प्राउड प्रॉफेट’ या खेळात संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर स्वतः गुप्तपणे सहभागी होते. पॉल ब्रॅकन यांच्या वृत्तान्तानुसार, मर्यादित अण्वस्त्रप्रहार हा ‘येथे थांबा’ असा निरोप ठरेल, ही त्यामागील अपेक्षा होती. प्रतिपक्षाच्या भूमिकेतील खेळाडूंनी तो निरोप म्हणून वाचलाच नाही. प्रहार म्हणून वाचला, आणि खेळाचा शेवट सर्वनाशात झाला.

दालनाबाहेर खूण अधिकच दुर्बळ होते. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षणकेंद्रातील गणकयंत्रांवर सोव्हिएट क्षेपणास्त्रांचा प्रचंड हल्ला दिसू लागला. प्रशिक्षणासाठी रचलेले दृश्य प्रत्यक्ष कामाच्या यंत्रणेत शिरले होते. लढाऊ विमाने आकाशात झेपावली. उपग्रह व रडार यांना काहीच दिसत नाही हे कळल्यावर खुलासा झाला. येथे खूण खोटी नव्हती, ती मुळी नव्हतीच.

नोव्हेंबर १९८३ मधील ‘एबल आर्चर’ या नाटो युद्धसरावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. अण्वस्त्रे सोडण्याची परवानगी मागण्या-देण्याच्या पद्धतीचा तो सराव होता. सरावातील संदेशांना ‘हा सराव आहे’ अशा अर्थाचा मथळा जोडण्याची नाटोची रीत आहे. हाच मथळा मॉस्कोला पटण्यासारखा नव्हता; कारण हल्ला सरावाच्या आडून होईल, ही सोव्हिएट सैनिकी विचारातील जुनीच धारणा. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सैन्य घुसविण्यापूर्वी त्यांनी स्वतःही तेथे सराव केलेच होते. आपण ज्या खुणेचा असा उपयोग केला, तीच दुसऱ्याने दाखविली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा? शिवाय १९८१ पासून त्यांचे हेर पाश्चात्त्य राजधान्यांत अणुहल्ल्याच्या तयारीची लक्षणे टिपत होते. रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या सरकारी कचेऱ्यांवरही त्यांची नजर असे. ज्याला लक्षणेच शोधावयास सांगितले आहे, त्याला ती सापडतात.

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधील अशी एक बारीकशी नोंद या सरावाविषयीच्या अमेरिकी वायुदलाच्या कागदपत्रांत आहे. बी-५२ विमानांच्या उड्डाणांचा उल्लेख सहभागी लोकांच्या तोंडून वारंवार ‘अण्वस्त्रप्रहार’ असा होत असे, आणि हा जिव्हास्खलनाचा प्रकार राजकीय दृष्ट्या नाजूक असल्याचे तेथे म्हटले आहे. खेळणाऱ्यांचीच जीभ खेळाची मर्यादा ओलांडीत होती. मग चोरून ऐकणाऱ्याने ती कोठे आखावी?

पूर्व जर्मनी व पोलंड येथील काही सोव्हिएट हवाई तुकड्या त्या दिवसांत सज्ज केल्या गेल्या. धोका प्रत्यक्षात कितपत जवळ आला होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. युरोपातील अमेरिकी वायुदलाचे गुप्तवार्ताप्रमुख लेनर्ड पेरूट्स यांनी ही हालचाल पाहिली आणि प्रत्युत्तरादाखल आपल्या बाजूची सज्जता वाढवू नये असा सल्ला दिला. हा निर्णय सुदैवी होता, परंतु पुरेशा माहितीवर आधारलेला नव्हता, असा निर्वाळा १९९० च्या गुप्त अमेरिकी अहवालाने दिला. तो अहवाल २०१५ मध्ये खुला झाला.