टॅब घेताना दावण तपासा

लोकवर्गणी जमली, शाळेत टॅब घ्यायचं ठरलं, की विक्रेता नमुना घेऊन हजर होतो. कविता वाजते, चित्रं हलतात, पोरं हरखतात. आपण शाळा व्यवस्थापन समितीत असाल, तर इथे जरा थांबा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान पंचाहत्तर टक्के पालक ठेवले आहेत, ते प्रश्न विचारण्यासाठीच.

आधी धडे बघा, टॅब नंतर. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. 2017 पासून ‘दीक्षा’ ॲप आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड त्यावर स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं, आणि ते उतरवून ठेवता येतं. एवढं हाताशी असताना विक्रेता वेगळं काय देतो, ते पाहा.

मग विचारा: तुमचे धडे दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर उघडतील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर हेच व्हेंडर लॉक-इन, म्हणजे एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधलं जाणं. पुढे दर त्याचा आणि अटीही त्याच्याच. लॉस एंजेलिसच्या शाळांनी 2013 मध्ये आयपॅड आणि पिअर्सन कंपनीचे धडे एकाच करारात घेतले. धडे अर्धवट होते, शिवाय त्यांचं लायसन्स तीनच वर्षांचं. पुढच्याच वर्षी तो करार थांबवावा लागला.

नमुना हातात घेतल्यावर इंटरनेट बंद करून धडा लावा. आपल्या मेमरी कार्डवरची पीडीएफ उघडा. शाळा उर्दू माध्यमाची असेल, तर उर्दूचा कीबोर्ड आणि अक्षरं तिथल्या तिथे तपासा. हे हमखास राहून जातं.

कोटेशनमध्ये टॅबची किंमत, लायसन्सची मुदत आणि मुदत संपल्यानंतरचा वार्षिक दर वेगवेगळे लिहून घ्या. ‘ते नंतर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

खरी गडबड होते कुलपांत. ‘एमडीएम’ म्हणजे सगळे टॅब एका ठिकाणाहून ताब्यात ठेवणारी व्यवस्था. पोरांनी नको ते ॲप टाकू नये म्हणून ती उपयोगाची आहे. पण तिचा मुख्य पासवर्ड मुख्याध्यापकांकडे हवा. तो फक्त विक्रेत्याकडे राहिला, तर टॅब शाळेचा आणि किल्ली त्याची.

दुसरं कुलूप आपण स्वतःच लावतो. एका शाळेत गुरुजींनी टॅब स्वतःच्या जीमेलवर सुरू केले. पुढे त्यांची बदली झाली. पोरं पॅटर्न विसरली, कुणीतरी बटणं दाबून रिसेट मारलं, आणि टॅब जुनं खातं मागत बसला. गुरुजींनाही पासवर्ड आठवेना. टॅब धडधाकट होता, पण कपाटात गेला. म्हणून पहिल्याच दिवशी शाळेच्या नावाने खातं काढा, पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवा आणि पदभार देताना ते पाकीटही सोपवा.

दुरुस्तीचंही आधीच बघा. चार्जर साधा टाइप-सी असावा. त्या मॉडेलची बॅटरी, स्क्रीन मिळते का, हे जवळच्या मोबाईल दुकानांत एक फेरी मारून विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅब पार उतरलेल्या बॅटरीवर पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. अर्धं चार्जिंग करून सावलीतल्या कपाटात ठेवा.

माल आला, की सही करण्याआधी कोणताही एक टॅब उचला आणि विक्रेत्यासमोरच रिसेट करा. त्याला फोन न लावता शाळेच्या खात्यावर तो सुरू झाला, बालभारतीचं पुस्तक उघडलं, की मगच पावतीवर सही करा.