नोकरी सोडली, पण शेवटचा पगार अडकलाय? तो वसूल कसा करायचा?

समजा, पुण्यातल्या एका लहान कंपनीत कुणी दोन वर्षं काम केलं. पगार महिन्याला २२ हजार. राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला, लॅपटॉप आणि आयकार्ड जमा केलं. एचआरने सांगितलं, "फुल अँड फायनल ४५ दिवसांत होईल." ४५ चे ९० दिवस झाले. मग फोन उचलणं बंद झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या निळ्या टिक दिसायला लागल्या. इकडे नव्या नोकरीत सुट्टी मिळत नाही आणि घरचे म्हणतात, "जाऊ दे, कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढतोस?"

बहुतेक जण इथेच विषय सोडून देतात. पण कायदा यात कर्मचाऱ्याच्या बाजूने बरंच काही सांगतो.

पगार किती दिवसांत मिळायला हवा?

वेतन संहिता, २०१९ हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाला. वेतन देण्याचा १९३६ चा जुना कायदा त्यात विलीन झाला. नव्या कायद्याच्या कलम १७ नुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा लागतो. कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, त्याला काढून टाकलं किंवा कंपनीच बंद पडली, तर देय वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. म्हणजे ४५ दिवस ही कंपन्यांची पद्धत आहे, या कायद्याची मुदत नाही.

जुन्या कायद्यापेक्षा काय बदललं?

जुना कायदा महिन्याला २४ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच लागू होता आणि दावा १२ महिन्यांत करावा लागायचा. आता पगाराची मर्यादा नाही. सुपरवायझर आणि मॅनेजरही दावा करू शकतात. मुदत तीन वर्षांची झाली आहे.

थकबाकी २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीची असेल, तर कोणता कायदा लागू होणार यावर वाद होऊ शकतो. अशा वेळी तीन वर्षांच्या भरवशावर न थांबता लगेच अर्ज केलेला बरा.

पुरावा कुणी द्यायचा?

अनेकांना वाटतं, सॅलरी स्लिपच नाही तर सिद्ध काय करणार? पण दावा दाखल झाला की पैसे दिले आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी कलम ५९ नुसार मालकावर असते.

अर्थात, आपण तिथे काम करत होतो हे मात्र कर्मचाऱ्यालाच दाखवावं लागतं. त्यासाठी ऑफर लेटर, बँकेत जमा झालेल्या आधीच्या पगारांच्या नोंदी, यूपीआयचे व्यवहार, हजेरीचे फोटो, पीएफचं पासबुक, ईएसआयसी कार्ड, कामाचे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उपयोगी पडतात. कंपनीचा मेल आयडी बंद व्हायच्या आत राजीनामा आणि पगाराशी संबंधित मेल स्वतःकडे जपून ठेवायचे, ही पहिली काळजी.

वसुली करायची कशी?

१. आधी हिशेब मांडा. कोणत्या महिन्याचा किती पगार, किती दिवस, किती ओव्हरटाइम, हे तारखांसकट एका कागदावर लिहा.

२. लेखी मागणी करा. फोनवरचं बोलणं नंतर कुणी मान्य करत नाही. मेल करा आणि तेच पत्र कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनेही पाठवा. रक्कम, तारीख आणि उत्तरासाठी सात किंवा पंधरा दिवसांची मुदत स्पष्ट लिहा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

३. उत्तर आलं नाही तर कामगार विभागाच्या कार्यालयात तक्रार करा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जिल्ह्यांत सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी असतात. बँक, रेल्वे, खाणी अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणी काम केलं असेल, तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जावं लागतं. तक्रार गेली की कंपनीला बोलावणं जातं आणि लहान रकमांचे बरेच वाद तिथेच मिटू शकतात.

४. तरीही पैसे आले नाहीत तर कलम ४५ खाली दावा करा. तो कर्मचारी स्वतः करू शकतो किंवा तो सदस्य असलेली नोंदणीकृत युनियन करू शकते. एकाच कंपनीत अनेकांचे पैसे अडकले असतील, तर सगळ्यांचा मिळून एकच अर्जही चालतो. अधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. दहापट ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला तेवढी मिळेलच असं नाही.

५. आदेशानंतरही मालक ढिम्म राहिला तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत मदत मिळते. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

कंपनीने अशी कारणं दिली तर?

"नुकसान झालं म्हणून सगळा पगार कापला." कोणत्या कारणासाठी कपात करता येते याची यादी कायद्यात आहे. एकूण कपात त्या कालावधीच्या वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही.

"तुम्ही तर काही येणं नाही असं लिहून दिलंय." हक्काचं वेतन सोडून दिल्याचा करार कलम ६० नुसार रद्दबातल ठरतो. तरी पैसे खात्यात आल्याशिवाय अशा कागदावर सही करू नये.

"तुम्ही कॉन्ट्रॅक्टरचे माणूस." कॉन्ट्रॅक्टरने पैसे बुडवले तर ज्या आस्थापनेत काम केलं तिच्या मालकावर जबाबदारी येते.

"कंपनी दिवाळखोरीत गेली." मग नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत दावा नोंदवावा लागतो. कंपनी अवसायनात निघाली तर कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणदार बँकांच्या बरोबरीचं स्थान असतं. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी त्यानंतर येते.

हे कुणाला लागू नाही?

फ्रीलान्सर आणि अ‍ॅपवरून काम करणारे गिग कामगार सहसा 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत. फ्रीलान्सरला करार आणि बिलांच्या आधारे दिवाणी मार्गाने जावं लागतं. ग्रॅच्युइटी आणि पीएफचे विषयही वेगळे आहेत. पगारातून कापलेला पीएफ जमाच झाला नसेल, तर तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे करायची.

अडकलेली रक्कम १५ हजार असली तरी ती केलेल्या कामाची मजुरी आहे. ती मागायला वकील लागतोच असं नाही. सुरुवात एका पानाच्या हिशेबाने आणि स्पीड पोस्टच्या पावतीने होते.