सोफ्याच्या पोटात काय आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा-दिवाळीच्या सुमारास फर्निचरच्या दुकानात उभं राहून पाहा. घरची मंडळी रंगावरून हुज्जत घालत असतात. चॉकलेटी बरा की करडा, पडद्यांना शोभेल का, वगैरे. दुकानदार निवांत असतो. कारण सोफ्याची खरी किंमत ज्या गोष्टींवर ठरते, त्यांतली एकही त्याला कुणी विचारत नाही. त्या सगळ्या कापडाच्या आत असतात. फ्रिज घेताना आपण त्यावरचे स्टार मोजतो, सोफ्यावर तसं काही चिकटवलेलं नसतं. स्वस्त आणि महाग सोफा दुकानाच्या दिव्यांखाली सारखेच दिसतात. फरक कळतो तो दोन पावसाळ्यांनंतर, आणि तोवर पुष्कळांचे हप्तेही फिटलेले नसतात.

आधी सांगाडा पाहू. ‘सॉलिड वुड’ म्हटलं की आपलं समाधान होतं, पण कोणतं लाकूड आणि कुठे, हे विचारायला हवं. दिसणारे पाय आणि हात चांगल्या लाकडाचे, तर आत हलक्या फळ्या, असं सर्रास असतं. सागवानाला वाळवी लागत नाही हा समजही अर्धाच खरा. सागाच्या गाभ्यातल्या तपकिरी लाकडात वाळवीला नकोशी असणारी द्रव्यं असतात. सालीलगतच्या फिकट भागात ती जवळजवळ नसतात. जोधपूरकडून येणारं शिसम टिकाऊ खरं, पण जुन्या वाड्यांतले काळसर शिसवी पलंग आठवून ते घेऊ नका. आपलं शिसव वेगळं आणि हे उत्तरेकडचं शिसम वेगळं; फार तर चुलत भावंडं म्हणा. प्लायवुड वाईट नाही. मात्र साधा कमर्शियल प्लाय कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट घरात फार दिवस साथ देत नाही. तिथे बीडब्ल्यूआर प्रतीचा प्लाय मागावा. लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड सांगाड्यात असेल, तर तो सोफा सरळ सोडून द्यावा. त्यात स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा घट्ट बसत नाही.

एक सोपी परीक्षा आहे. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचला. सांगाडा मजबूत असेल तर पुढचा दुसरा पायही लगेच जमीन सोडतो. तो खालीच राहिला, तर सांगाडा पिळवटतो आहे असं समजा. मग सोफा आडवा करायला सांगा. तळाला पातळ काळं कापड असतं, त्याची एक कड उचकटून आत पाहू द्या म्हणावं. कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे आहेत का, ते स्क्रूने आवळलेत की नुसत्या पिना मारल्यात, बैठकीखाली नागमोडी स्प्रिंगा आहेत की रबरी पट्टे, आणि पट्टे असतील तर ते जवळजवळ विणलेत का, हे सगळं दोन मिनिटांत दिसतं. जो दुकानदार हे दाखवायला नाखूश, त्याच्याकडे खरेदी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फोम. सोफा ‘बसतो’ तो बहुतेक वेळा इथेच. घट्ट फोम म्हणजे चांगला फोम, ही समजूत चुकीची आहे. कडकपणा वेगळा, घनता वेगळी. हलक्या फोममध्ये भुकटी मिसळून किंवा रसायनं बदलून तो कडक करता येतो. पहिले सहा महिने तो छान लागतो आणि मग खड्डा पडतो. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती त्याची घनता. रोजच्या बैठकीसाठी ती निदान ३२ हवी, ४० असेल तर उत्तम. पाठीला कमी चालते. ही गोष्ट घरच्या वजनकाट्यावरही पडताळता येते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच जाड गादी ४० घनतेची असेल, तर नुसत्या फोमचं वजन सुमारे दीड किलो भरतं. २४ घनतेची असेल तर जेमतेम ९०० ग्रॅम. म्हणून चेन असलेली खोळ घ्यावी. ती धुता येते आणि आत डोकावताही येतं.

कापडाबाबत सगळ्यांत जास्त फसगत ‘लेदर फिनिश’ या शब्दांनी होते. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. हवेतल्या ओलाव्याने त्या थराची रासायनिक वीण हळूहळू तुटते आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. वापर कमी ठेवला म्हणून हे थांबत नाही. बंद घरातला सोफाही सोलवटतो. आणि हे दुरुस्त होत नाही, पूर्ण आवरणच बदलावं लागतं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी घट्ट विणीचं कापड घ्यावं हे बरं. कापड किती घर्षण सोसतं याची मार्टिनडेल नावाची चाचणी असते. घरगुती वापरासाठी २०,००० ते २५,००० फेऱ्यांच्या पुढचा आकडा समाधानकारक.

घरात म्हातारी माणसं असतील तर बैठकीची उंची मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. हल्लीचे बुटके, खोल सोफे दिसायला झोकदार. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला त्यातून उठवायला दुसरा माणूस लागतो, आणि मग ती बाहेरच्या खोलीत येऊन बसायचंच सोडते. जमिनीपासून १७-१८ इंच उंची, दाबली तरी फार न खचणारी बैठक आणि रेटा द्यायला भक्कम हात, एवढं तिच्यासाठी पाहिलंच पाहिजे.

घरात सागवानी सांगाड्याचा जुना सोफा असेल, तर नवा घेण्याआधी सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलवा. नवे पट्टे, ४० घनतेचा फोम आणि नवं कापड घालूनही पुष्कळदा खर्च तितक्याच टिकाऊ नव्या सोफ्यापेक्षा कमी येतो.

नवाच घेणार असाल, तर लाकडाचं नाव, प्लायची प्रत आणि फोमची घनता बिलावर लिहून घ्या. वॉरंटी नेमकी कशाची, तेही वाचा. पुष्कळदा ती फक्त सांगाड्यापुरती असते, फोम आणि कापड तिच्यात येत नाही. आणि निघण्यापूर्वी लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि घराची चौकट टेपने मोजून घ्या. दुसऱ्या मजल्यावर अडकलेला सोफा परत न्यायचं भाडं टेम्पोवाला वेगळं घेतो.